घरी मायक्रोवेव्ह हवा की नको: दहा वर्षांच्या वापरानंतरचे मत

आमचा पहिला मायक्रोवेव्ह सहा वर्षांनी बंद पडला, तेव्हा दुसरा लगेच आणायचा नाही असे ठरवले. चार महिने त्याच्याविना काढले आणि त्या काळात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवून ठेवला. 'आत्ता तो असता तर बरे झाले असते' असे घरातल्या कोणालाही वाटले की त्याने कागदावर रेघ मारायची आणि पुढे कारण लिहायचे. चार महिन्यांनी मोजल्या तेव्हा रेघा ८३ भरल्या. त्यांपैकी ७० हून अधिक रेघा एका माणसाचे ताट, एक वाटी किंवा एक कप गरम करण्यासाठी होत्या, सात-आठ गोठवलेले अन्न वेळेवर बाहेर काढायला विसरल्यामुळे होत्या आणि दोन बटाटे चटकन उकडण्यासाठी होत्या. केक, बिस्किटे किंवा भाजलेल्या पदार्थांसाठी एकही रेघ नव्हती. बंद पडलेला ओव्हन मात्र ३० लिटरचा, कन्व्हेक्शन (पंख्याने गरम हवा खेळवून भाजण्याची सोय) आणि ग्रिल असलेला होता आणि तो घेताना आम्ही सगळी चर्चा केकवरच केली होती.

त्यानंतर आणलेला २० लिटरचा साधा, म्हणजे नुसत्या लहरींवर चालणारा ओव्हन आता चार वर्षे चालू आहे. पुढचे मत या दोन्हींच्या वापरावर बेतलेले आहे.

हे यंत्र घ्यावे की नाही, याचा निर्णय माझ्या मते एकाच प्रश्नावर व्हावा: घरातली माणसे एका वेळी जेवतात की वेगवेगळ्या वेळी? गॅसवर पातेलेभर भाजी गरम करायला लागणारा वेळ वाटीभर भाजीच्या वेळेपेक्षा थोडाच जास्त असतो, कारण आच वाढवता येते. मायक्रोवेव्हची ताकद ठरलेली असते आणि ती आत ठेवलेल्या सगळ्या अन्नात वाटली जाते. एका वाटीला दोन मिनिटे लागत असतील तर चार वाट्यांना जवळजवळ आठ मिनिटे लागतात. चौघांचे जेवण एकदम वाढायचे असेल तर हे यंत्र शेगडीपुढे हरते. तेच चौघे चार वेळांना घरी येत असतील, तर प्रत्येकाला स्वतःच्या ताटापुरते दोन मिनिटांत गरम जेवण मिळते, दर वेळी एक पातेले खरकटे होत नाही आणि तेच अन्न चार वेळा उकळून त्याचा लगदाही होत नाही. आमच्या कागदावरच्या बहुतेक रेघा रात्री साडेनऊनंतरच्या होत्या, यात मग नवल वाटले नाही.

विजेच्या बचतीसाठी मात्र कोणी हे यंत्र घेऊ नये. ७०० वॅट इतकी उष्णता अन्नाला देणारा ओव्हन भिंतीतून सुमारे ११०० वॅट ओढतो. बाकीची वीज मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा भाग), ट्रान्सफॉर्मर, पंखा आणि दिवा यांत जाते. पाव लिटर पाणी चहायोग्य तापवायला पावणेदोन मिनिटे लागतात आणि एका युनिटमध्ये असे साधारण तीस कप होतात. हा हिशेब वाईट नाही, पण इंडक्शनची शेगडी त्याहून कमी वीज वाया घालवते. गंमत अशी की ओव्हनवरचे घड्याळ सतत ३ वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे २६ युनिट नुसती वेळ दाखवण्यात जातात. आम्ही वापर संपला की भिंतीवरचे बटण बंद करतो.

आता यंत्र काय करते ते पाहू, कारण बहुतेक तक्रारी ते न कळल्यामुळे होतात. मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निर्माण करतो. त्या अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना सतत उलटसुलट फिरायला लावतात आणि त्या हालचालीतून उष्णता तयार होते. या लहरी अन्न आतून बाहेर शिजवतात, ही समजूत खरी नाही. पाण्याचा अंश असलेल्या अन्नात त्या साधारण दोन-तीन सेंटिमीटर शिरतात आणि त्यापुढचा भाग नेहमीप्रमाणे शेजारच्या गरम भागाकडून तापतो. शिवाय त्या ओव्हनच्या भिंतींवरून परतून एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागा फार तापतात आणि काही जवळजवळ थंड राहतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने अशा दोन तापट जागांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर पडते. तळाची काचेची तबकडी फिरते ती यासाठीच. तबकडी काढून ताटलीत सारख्या जाडीची चॉकलेटची वडी वीस-पंचवीस सेकंद ठेवली, तर ती ठराविक अंतरावर ठिपक्याठिपक्यांनी वितळलेली दिसते. मुलांना दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे.

तबकडी फिरली तरी मधला भाग मागे राहतोच. फ्रिजमधला भात वाटीत दाबून भरून गरम केला, तर कडेला वाफा निघत असतात आणि मध्ये चमचा घातला की थंड गोळा लागतो. आम्ही आता भात पसरट ताटलीत कडेकडेने मांडतो, मधली जागा मोकळी ठेवतो, चमचाभर पाणी शिंपडतो, वर सैल झाकण ठेवतो, अर्ध्या वेळेला एकदा हलवतो आणि यंत्र थांबल्यावर मिनिटभर तसाच राहू देतो. हे शेवटचे मिनिट कोणी पाळत नाही, पण उष्णता सगळीकडे पसरते ती त्याच मिनिटात. उरलेले अन्न सर्व बाजूंनी ७४ अंशांपर्यंत तापावे, असा अन्नसुरक्षेचा एक रूढ दंडक आहे, आणि थंड राहिलेला मधला गोळा नेमका तिथेच नापास होतो. बाळाच्या दुधाची बाटली यात गरम करू नये असे सांगतात त्याचे कारणही हेच: बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधाचा एखादा भाग तोंड पोळेल इतका तापलेला असतो.

दुसरी मर्यादा खमंगपणाची. पाणी असलेले अन्न नुसत्या लहरींनी १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि तांबूस, कुरकुरीत कवच येण्यासाठी पृष्ठभाग त्याहून बराच तापावा लागतो. त्यामुळे तळलेले पदार्थ मऊ पडतात आणि ब्रेड आधी लुसलुशीत व पाच मिनिटांनी चामड्यासारखा होतो. हा दोष महाग ओव्हन घेऊन जात नाही, त्याला वेगळी उष्णता लागते. कन्व्हेक्शनच्या मॉडेलमध्ये तापणारे वेटोळे आणि पंखा असतो, म्हणजे एकाच पेटीत दोन यंत्रे असतात. ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदा तरी काही भाजले जाते, त्यांना ही दोन यंत्रे एका जागेत मिळणे खरोखर सोयीचे आहे. आम्ही पहिल्या वर्षी चार केक केले, दुसऱ्या वर्षी एक, आणि पुढे केक भाजायची जाळी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तोवर त्या तापलेल्या भिंतींवर उडालेले तेल करपून घट्ट बसले होते. साध्या ओव्हनच्या भिंती फारशा तापत नाहीत, त्यामुळे ओल्या फडक्याने तो अर्ध्या मिनिटात पुसून होतो.

ताकद कमी करण्याच्या बटणाबद्दलही गैरसमज आहेत. बहुतेक साध्या ओव्हनमध्ये 'निम्मी ताकद' असे काही नसते. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि काही सेकंद बंद राहतो. शेजारी उभे राहून कान दिला तर घुंss असा जड आवाज येतो, मग तो तुटतो आणि नुसता पंखा ऐकू येतो. इन्व्हर्टर, म्हणजे मॅग्नेट्रॉनला मिळणारी वीज कमी-जास्त करणारे सर्किट, असलेली मॉडेल्स खरोखर कमी ताकदीने सलग चालू शकतात. हा फरक गोठवलेले अन्न सुटे करताना जाणवतो. बर्फ या लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भराभर शोषते, त्यामुळे एक कोपरा वितळला की तोच तापत सुटतो आणि कडा शिजल्या तरी मध्ये दगड राहतो. मधल्या विरामात उष्णता पसरायला वेळ मिळावा, हाच डीफ्रॉस्टच्या बटणाचा सारा कारभार.

खोक्यावर लिहिलेले वॅट खरे आहेत का, हे घरी तपासता येते. साधारण खोलीच्या तापमानाचे एक लिटर पाणी पूर्ण ताकदीवर बरोबर दोन मिनिटे ठेवावे, काढल्याबरोबर ढवळावे आणि जितके अंश वाढले त्यांना ३५ ने गुणावे. उत्तर जवळपास वॅटमध्ये येते. नव्या ओव्हनमध्ये २० अंश वाढले, म्हणजे ७०० वॅट, आणि खोक्यावरही तेवढेच होते. जुन्यावर ९०० लिहिलेले असूनही शेवटच्या वर्षी १७ अंशच वाढत होते, म्हणजे ६०० वॅटसुद्धा पुरते निघत नव्हते. 'हल्ली वेळ जास्त लागतो' ही घरातली कुरकुर अगदी खरी होती.

भीतीविषयी थोडे. या लहरी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या जोरकस नसतात, अन्नात त्या शिल्लक राहत नाहीत आणि दार उघडताच त्यांची निर्मिती थांबते. दाराच्या जाळीची भोके १२ सेंटिमीटरच्या लहरीपुढे फारच लहान असतात, म्हणून प्रकाश बाहेर येतो आणि लहरी आत राहतात. पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही गळतीची रूढ कमाल मर्यादा आहे. दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा दार नीट बसेनासे झाले, तर मात्र वापर थांबवावा. खरी भीती वाटावी ती पाठीमागच्या पत्र्याआड असलेल्या कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाची, कारण प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. घरच्या स्क्रूड्रायव्हरने हे यंत्र कधीही उघडू नये.

आमच्याकडे दोनदा घोटाळा झाला आणि दोन्ही वेळा चूक आमचीच होती. सोनेरी कड असलेली बशी आत गेली आणि तिच्या काठावरून ठिणग्यांची माळ पळाली. दुसऱ्यांदा गुळगुळीत काचेच्या पेल्यात नुसते पाणी जास्त वेळ तापले. एकही बुडबुडा दिसत नव्हता, पण चमचा टेकवताच निम्मे पाणी उसळून ओट्यावर आले. असे पाणी उकळीच्या बिंदूपलीकडे जाऊनही शांत दिसते, म्हणून आता तापवण्याआधीच पेल्यात लाकडी चमचा ठेवतो. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखे दिसणारे अभ्रकाचे झाकण असते. त्यावर तेल साचले की तेही जळते, त्यामुळे ठिणगी दिसली की यंत्र बिघडले असे मानण्याआधी ते पाहावे.

पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याने १९४५ साली या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४७ मध्ये आलेला पहिला विक्रीचा ओव्हन माणसाएवढा उंच व सुमारे ३४० किलोंचा होता. ओट्यावर मावणारे लोकप्रिय मॉडेल यायला १९६७ साल उजाडले. त्यामानाने आजचा प्रश्न किरकोळ आहे, पण जागेचाच आहे. ओट्याची लांबी मोजताना मागे, वर आणि बाजूला हवेसाठी सांगितलेले अंतर धरावे, दार कोणत्या बाजूला उघडते ते पाहावे आणि घरात रोज वापरात असलेला सर्वांत मोठा काचेचा डबा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून तबकडीच्या व्यासाशी ताडून घ्यावा. आम्ही ओव्हन मोजला, डबा मोजला नाही. तो आत मावतो, पण फिरताना त्याचा कोपरा भिंतीला अडतो, तबकडी खालून घसरत राहते आणि भाजीची एक बाजू अजूनही थंडच निघते.