जुन्या पिकअपसाठी दोन यू-जॉइंटचा स्टिअरिंग शाफ्ट: घ्यावा का?

जुन्या पिकअपमध्ये कॉलम (स्टिअरिंग व्हीलला जोडलेला दांडा) आणि स्टिअरिंग बॉक्स (पुढची चाकं वळवणारी गिअरची पेटी) यांच्यामध्ये बहुधा रबरी कपलिंग असतं. इंजिनाच्या उष्णतेनं आणि तेलानं ते फाटतं, मग सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग व्हील दोन्ही बाजूंना मोकळं हलतं. त्याजागी बसणारा, दोन्ही टोकांना यू-जॉइंट (कोनातही फिरणारा सांधा) असलेला आणि मधे सरकणारा पोलादी शाफ्ट हा खरोखर उत्तम बदल आहे. स्टिअरिंगचा प्रतिसाद लगेच सुधारतो. रस्त्याचे हादरे मात्र हाताला थोडे जास्त जाणवतात.

मागवण्याआधी बॉक्सच्या दांड्याचा व्यास व्हर्नियरनं मोजा आणि दाते दोनदा मोजा. ३/४ इंच, ३० दाते हे माप खूप आढळतं, पण मॉडेलच्या वर्षावर विसंबू नका; बॉक्स आधी कुणी बदललेला असू शकतो. भंगारातला शाफ्ट घेताना यू-जॉइंटचा क्रॉस (त्यातला फुलीसारखा मधला भाग) हातानं वाकवून पाहा. अडकत असेल तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

जुना शाफ्ट काढताना पुढची चाकं सरळ ठेवा, स्टिअरिंग व्हील बांधून टाका. एअरबॅग असेल तर हे विसरलात की क्लॉकस्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी व्हीलमधली गुंडाळलेली पट्टी) तुटू शकते. पिंच बोल्ट (जॉइंट दांड्यावर आवळणारा बोल्ट) दांड्याच्या खाचेतून गेलाच पाहिजे. नुसता आवळलेला जॉइंट चालत्या गाडीत निसटू शकतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (यू-जॉइंटचे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत ठेवा, नाहीतर फिरवताना कधी जड, कधी हलकं लागतं. सरकणारा भाग पूर्ण आत दाबलेला राहिला तर चॅसिसची हालचाल थेट बॉक्सच्या बेअरिंगवर येते.

लांबी कमी पडली म्हणून शाफ्ट वेल्डिंग करून वाढवू नका. योग्य मापाचाच शोधा.