एक रुपयाची नोंदणी

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी मी मोबाइलवरून एक रुपया भरला. मे महिन्यात पासबुक छापून आणलं, तेव्हा त्या एका रुपयाच्या पाठोपाठ खात्यातून तीनदा १,४९९ रुपये गेलेले दिसले. एकूण ४,४९८. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. पण हे लिहायला बसलो ते निव्वळ पैशासाठी नाही. ज्या वाटेने आम्हाला फसवलं, ती वाट ई-रीडर (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) वापरणाऱ्या, वयस्कर, मराठी वाचणाऱ्या माणसांसाठीच आखलेली आहे. आपल्यातले आणखी किती जण त्या वाटेवर असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही.

आम्ही वाईचे. मी ग्रंथालयात एकोणतीस वर्षं नोकरी केली. वाचनाचं खरं वेड मात्र माझ्या पत्नीला. मधुमेहामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आणि छापील पुस्तक हातातून सुटलं. तीन वर्षांपूर्वी मुलीने पुण्याहून किंडल, म्हणजे ॲमेझॉन कंपनीचं ई-रीडर, आणून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पडदा डोळ्यांत खुपत नाही. एका पानावर जेमतेम आठ-नऊ ओळी मावतात, पण ही पुन्हा वाचायला लागली. दुपारी चहा होईपर्यंत झोपाळ्यावर बसून वाचायचं, आवडलेल्या ओळीवर बोट फिरवून खूण करायची, हा तिचा नेम झाला. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात. तरी सगळं काही तिथे नाही, आणि जे आहे ते दर वेळी पूर्ण किमतीला घेणं निवृत्तीवेतनात परवडत नाही. म्हणून स्वस्त पुस्तकं शोधायचं काम माझ्याकडे आलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ओळखीच्या एका गृहस्थांनी मला मोबाइलवरच्या एका गटात घेतलं. त्यांचाही हेतू चांगलाच होता, त्यांना मी दोष देत नाही. गटावर रोज सकाळी सातला एक संदेश यायचा. सुरुवात ‘वाचकबंधूंनो’ अशी, मग आज कोणती मराठी आणि इंग्रजी ई-पुस्तकं उतरलेल्या किमतीत आहेत त्याची यादी. खाली एखादी बातमी: नवीन यंत्र कोणतं आलं, कोणत्या स्वरूपाची फाइल चालते, बॅटरी जास्त टिकावी म्हणून काय करायचं. चार महिन्यांत मी त्या याद्या पाहून अकरा पुस्तकं घेतली. कुठलं २९ रुपयांना, कुठलं ४९ ला. सगळी किंडलच्या मूळ ऑनलाइन दुकानातूनच घेतली, सगळी व्यवस्थित उघडली. एकदाही किंमत चुकीची निघाली नाही. गटाने चार महिने कुणाकडे एक पैसा मागितला नाही.

आता मागे वळून बघताना कळतं की ते चार महिने म्हणजेच त्यांची गुंतवणूक होती.

१८ फेब्रुवारीला नेहमीपेक्षा लांब संदेश आला. त्यात लिहिलं होतं की २६ फेब्रुवारीपासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोय कंपनी बंद करत आहे. पुढे असंही होतं की २००९ मध्ये अमेरिकेत कंपनीने वाचकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. आणि शेवटचं वाक्य: ‘त्यामुळे २६ तारखेनंतर तुमच्या यंत्रातली जुनी पुस्तकंही कुलूपबंद होतील.’

मी मुलीला फोन केला. तिने इंटरनेटवर पाहून सांगितलं, “हो बाबा, सव्वीस तारखेची बातमी खरी आहे.” ऑर्वेलचंही खरं निघालं. जुलै २००९ मध्ये तसं घडलं होतं. ज्याने ती आवृत्ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून कंपनीने ती काढली, वाचकांना पैसे परत दिले आणि नंतर जाहीर माफीही मागितली. दोन गोष्टी पडताळल्या आणि दोन्ही खऱ्या निघाल्या. तिसरी मी पडताळलीच नाही. खोटं नेमकं तिथे होतं. बंद झाली ती फक्त संगणकावर उतरवून घेण्याची सोय. आपल्या खात्यातली पुस्तकं वायफायवरून यंत्रात घेणं आधीसारखंच चालू राहिलं, आजही चालू आहे. यंत्रात असलेलं एकही पुस्तक कुलूपबंद झालं नाही.

पण त्या आठवड्यात मला एकच दिसत होतं. हिची दीडशेच्या आसपास पुस्तकं आणि त्यांतल्या तिच्या खुणा. त्या गेल्या तर मी तिला काय सांगणार?

गटावर उपाय तयारच होता. ‘तुमची सर्व पुस्तकं आमच्याकडे सुरक्षित ठेवू, शिवाय ३,००० मराठी ई-पुस्तकं मोफत. नोंदणी फक्त १ रुपया. मुदत २५ फेब्रुवारी.’ लिंकवर बोट ठेवलं की यूपीआयचं ॲप उघडायचं. वर ठळक अक्षरांत १ रुपया. त्याखाली फिकट करड्या रंगात दोन बारीक ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. नंतर मुलीने ॲपमधली त्या व्यवहाराची नोंद उघडून दाखवली, तेव्हा वाचल्या: दरमहा १,४९९ रुपयांपर्यंत, आणि पुढे कित्येक वर्षांची मुदत. मी पिन टाकला तो एक रुपया देण्यासाठी. बँकेच्या लेखी मात्र तो पिन म्हणजे दर महिन्याला पैसे वळते करून घ्यायची माझी परवानगी होती. याला ऑटोपे म्हणतात. वीजबिल, विम्याचे हप्ते यांसाठी ती सोय चांगलीच आहे. पण एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला बहुतेक वेळा पुन्हा पिन विचारला जात नाही.

नोंदणी झाल्यावर त्यांनी किंडलच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड मागितला, ‘पुस्तकांची प्रत काढण्यासाठी’. तोही मी दिला. पाच मिनिटांत हिच्या फोनवर संदेश आला, कारण खातं तिच्या नंबरावर आहे. फोनमध्येही तिने अक्षर खूप मोठं करून ठेवलेलं असतं, म्हणून ती एकेक शब्द सावकाश वाचते. स्वयंपाकघरातून तिची हाक आली, “अहो, यात आकडा आलाय, पण कुणालाही सांगू नका असं लिहिलंय. मग ते आपल्याला का मागतायत?” तोवर समोरच्या माणसाचे दोन फोन येऊन गेले होते. “काका, लवकर सांगा, वेळ संपतोय.” मी आकडा सांगितला नाही. मुलीने संध्याकाळी पासवर्ड बदलून दिला. हिची पुस्तकं आणि खुणा वाचल्या त्या केवळ हिने तो संदेश शेवटपर्यंत वाचला म्हणून.

आम्हाला वाटलं, गेला तो एक रुपया, संकट टळलं. मी गटातून बाहेर पडलो.

ती तीन हजार पुस्तकं आली होती, त्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्या लोभाने पुष्कळ जण ओढले जातात. एक लिंक आली. आत फाइलींचा ढीग. निम्म्याहून अधिक म्हणजे छापील पुस्तकांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफ. पान तिरकं, कडेला कुणाचा तरी अंगठा, मधली शिवण काळी. किंडलच्या सहा इंची पडद्यावर ते अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसायचं. फोटोतलं अक्षर मोठं होत नाही. बोटांनी पान ताणलं तर ओळ अर्धी पडद्याबाहेर जाते, प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावं लागतं. हिने एका कथेची दोन पानं तशी वाचून पाहिली, मग यंत्र उशीवर ठेवून डोळे मिटून बसली. काही फाइली जुन्या छपाईच्या फॉन्टमधून घेतलेल्या. त्या उघडल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची गिचमीड. आणि ज्या नीट उघडत होत्या, त्यांत आज हयात असलेल्या लेखकांची पुस्तकं होती. ती सरळ चोरीची होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क त्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती खपायला किती वर्षं लागतात, हे मी ग्रंथालयात बसून पाहिलं आहे. त्याच लेखकांच्या ताटातलं काढून आम्हाला आमिष दाखवलं गेलं. मी ते सगळं पुसून टाकलं.

मार्च गेला, एप्रिल गेला. प्रत्येक हप्त्याच्या आदल्या दिवशी सूचना येत होती. इंग्रजीत, बँकेच्या इतर पंधरा संदेशांच्या गर्दीत. मी ती जाहिरात समजलो. मे महिन्यात पासबुकावर २७ फेब्रुवारी, २७ मार्च, २७ एप्रिल अशा तीन ओळी एकसारख्या दिसल्या, तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

बँकेतल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, पण त्यांचं म्हणणं असं पडलं की पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, तेव्हा व्यवहार तुमच्या संमतीचा धरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना संरक्षण होतं, आणि त्यातही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला फार महत्त्व होतं. मी सव्वादोन महिन्यांनी गेलो होतो. मग १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. तिथले हवालदार म्हणाले, “काका, पहिल्या दिवशी आला असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवायचा प्रयत्न करता आला असता. आता ते कुठल्या कुठे गेले.” तक्रार क्रमांक माझ्याकडे आहे. पैसे आलेले नाहीत.

एक गोष्ट लगेच झाली. मुलीने यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडून ती परवानगी रद्द केली. तुम्हीही हे वाचून झालं की आपल्या ॲपमध्ये तो भाग उघडून बघा. आपण कधी, कुणाला, किती रकमेची परवानगी दिली ते तिथे दिसतं. गट सोडल्याने ती परवानगी मोडत नाही. ॲप काढून टाकलं तरी मोडत नाही, कारण ती बँकेकडे नोंदलेली असते. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्येही बघा. त्यांच्यावर रागावू नका, आमच्या मुलीने एक शब्दही वाकडा बोलला नाही, म्हणूनच मी तिला सगळं सांगू शकलो.

स्वस्त पुस्तकांची यादी देणारा प्रत्येक जण ठग असतो असं मी म्हणणार नाही. पण किंमत उतरलेली असते ती मूळ दुकानात, आणि ती तिथे जाऊन कुणालाही दिसते. पैसेही तिथेच भरायचे असतात. बातमी सांगणाऱ्याच्या हातात एक रुपयाही पडायचं कारण नाही, आणि पासवर्डशी तर त्याचा काडीचा संबंध नाही.

मोफत आणि रीतसर मिळणारं मराठी वाचन भरपूर आहे, ते मला आधीपासून माहीत असूनही मी तिकडे वळलो नव्हतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या परवानगीने ई-पुस्तकं विनामूल्य देतं. मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेलं जुनं साहित्य टंकलेल्या मजकुरात मिळतं, म्हणजे अक्षर मोठं करता येतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० संपताना संपला. ते वाचायला कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या वाईत जन्मलेला विश्वकोशही इंटरनेटवर खुला आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी १९७१ पासून चालू असलेलं प्रोजेक्ट गटेनबर्ग हे मोफत ई-ग्रंथालय आहे. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपातली फाइल मिळाली तर २०२२ पासून ती कंपनीच्याच ‘सेंड टू किंडल’ सोयीने थेट यंत्रात पाठवता येते. त्यासाठी मधल्या कुणाची गरज लागत नाही. पीडीएफ मात्र घेण्याआधी एक पान उघडून बघा, अक्षर निवडता येतं का ते. येत नसेल तर तो फोटो आहे, कमजोर डोळ्यांना त्याचा उपयोग नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला फोनवर एक संदेश दाखवला. गटाचं नाव वेगळं, पण वेळ सकाळी सातचीच, सुरुवात ‘वाचकबंधूंनो’ अशीच, खाली चार पुस्तकांच्या किमती. चारही किमती मी दुकानात जाऊन पाहिल्या, बरोबर होत्या. पैसे मागणारं त्यात अजून काही नव्हतं. तो गट सुरू होऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते.