राजारामपुरीत जोडून घेतलेला कॉम्प्युटर: ५ पैकी ४

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांची जीएसटीची कामं मी घरून करते. कॉम्प्युटर बंद म्हणजे माझं काम बंद. आधीच्या ब्रँडेड डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा, गेला आणि सगळंच अडलं. त्याचा कनेक्टर त्या कंपनीचा खास, बाजारातला दुसरा बसेना, आणि कंपनीनं डेस्कटॉपचा धंदाच गुंडाळलेला. बाकी सगळं धडधाकट असून मशीन भंगारात गेलं. म्हणून यावेळी राजारामपुरीतल्या एका छोट्या दुकानातून सुटे पार्ट जोडून असेंबल करून घेतला.

माझा पहिला प्रश्न इंटेलबद्दल होता. २०२४ मध्ये १८.८ अब्ज डॉलरचा तोटा, हजारो लोकांना नारळ; अशा कंपनीचा प्रोसेसर घ्यावा का? दुकानदारानं नीट समजावलं. १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मशीन हँग होण्याचं दुखणं निघालं, तेव्हा त्याच तोट्याच्या वर्षात कंपनीनं त्यांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. “पण वैनी, बॉक्सचाच घ्या. ट्रेमधला, म्हणजे कंपनीच्या बॉक्सशिवाय सुटा विकतात तो, घेतला तर कंपनी तुम्हाला दारात उभं करत नाही, ज्यानं विकला त्यालाच धरायचं.” ट्रेचा स्वस्त पडत होता, तरी मी १२ व्या जनरेशनचा आय५-१२४०० बॉक्समधलाच घेतला.

मग त्यांनी कॅबिनेट उघडून एसएमपीएसचा २४ पिनचा कनेक्टर मदरबोर्डमधून काढून माझ्या हातात दिला. “उद्या हा गेला तर कुठल्याही कंपनीचा आणा, बसतोय.” मला हेच हवं होतं. विप्रोनं २०१३ मध्ये पीसी बनवणं थांबवलं, सोनीनं २०१४ मध्ये वायो विकून टाकलं. एवढी मोठी नावं बाजूला होतात, तर भरवसा नावावर किती ठेवायचा? सुट्या पार्टात एखादी कंपनी बुडाली तरी फटका तेवढ्या पार्टापुरताच बसतो.

बिल तर बघण्यासारखं आहे. प्रत्येक पार्टाचा सीरियल नंबर, वॉरंटी किती, आणि भारतात ती कोणता डिस्ट्रिब्युटर देणार, सगळं लिहिलेलं. त्याआधी एका शोरूममध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारत होते. कंपनीच राहिली नाही तर त्या कागदाला कोण विचारतो?

एक स्टार कापला तो रॅमसाठी. कोटेशननंतर भाव वाढला, पण फोन आला नाही. पैसे देताना काउंटरवर कळलं. हे बरोबर नाही. वाढला तर वाढला, आधी सांगायला काय हरकत होती?

जायचं तर सकाळी जा, निवांत बोलतात. संध्याकाळी गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि विंडोजचं लायसन्स हवं असेल तर आधीच सांगा, कोटेशनमध्ये ते धरलेलं नसतं.