माळ्यावरचं बाळंतपण आणि 4,650 डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. 4,650 डॉलर. एवढे पैसे मी एका माणसाच्या हातात ठेवले, ते मी न पाहिलेल्या जागेतली, मी न पाहिलेली घाण काढण्यासाठी. आणि ती जागा कुठे दूर नव्हती. माझ्याच घरात, माझ्याच पलंगाच्या बरोब्बर वर होती.

टोरोंटोच्या स्कार्बरो भागात आमचं जुनं, एका बाजूने शेजाऱ्याला चिकटलेलं घर आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला छतावर धपधप सुरू झाली. उंदीर असता तर खुडबूड झाली असती. हे चक्क पावलं टाकत चाललं होतं. सासूबाई तेव्हा देवरुखहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सकाळी चहा ओतताना म्हणाल्या, "अहो, वर कुणीतरी व्यायलंय. आमच्याकडे कौलांखाली उदमांजर अशीच जागा धरतं." मी हसून विषय बदलला. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या माणसाला देवरुखचं ज्ञान कशाला लागतंय!

वर होता तो रॅकून. तो न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: डोळ्यांभोवती चोरासारखा काळा पट्टा, शेपटीवर वळी, अंगाने चांगल्या पोसलेल्या बोक्याहून मोठा, आणि पुढचे पंजे जवळजवळ माणसाच्या हातासारखे. या पंजांनी तो झाकणं उघडतो, पत्रा वाकवतो, छतावरचं प्लास्टिकचं व्हेंट उपटतो. 2016 साली टोरोंटो महापालिकेने ओल्या कचऱ्यासाठी फिरवायच्या खिटीचे खास नवे डबे वाटले, ते याच्यामुळेच. तरी या शहराचा त्याच्यावर जीवही आहे. 2015 च्या जुलैत यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर एक रॅकून मरून पडला होता. पालिकेची गाडी यायला उशीर झाला, तर लोकांनी तोवर त्याच्याभोवती फुलं, मेणबत्त्या, चिठ्ठ्या ठेवल्या. असो. डोक्यावर नाचायला लागला की हे प्रेम ओसरतं.

पालिकेच्या 311 या मदत नंबरला फोन केला. धडधाकट जंगली प्राणी खाजगी घरातून आम्ही काढत नाही, असं नम्रपणे सांगण्यात आलं. मग मी रात्री अकराला मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात आली तिच्यावर बोट ठेवलं. "आजच सुटका, 189 डॉलर, आजन्म हमी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस दारात हजर.

माणूस चांगला बोलका होता. बूट बाहेर काढले, सासूबाईंना हात जोडून नमस्कार केला, मुलाला खिशातलं चॉकलेट दिलं. मग शिडी लावून माळ्याच्या झडपेतून वर गेला. सहा-सात मिनिटांत खाली आला तो चेहरा पाडूनच. मोबाइल पुढे केला. फोटोत काळ्या लेंड्यांचे ढीग, फाटलेला इन्सुलेशनचा (थंडी अडवायला माळ्यावर पसरतात तो) कापूस, ओले डाग. हलक्या आवाजात विचारलं, "घरात लहान मूल आहे ना?"

पुढे त्याने रॅकूनच्या विष्ठेतल्या जंतांबद्दल सांगितलं. अंडी हवेत उडतात, मुलाच्या मेंदूत जातात, डोळे जातात. आज रात्री मुलाला इथे झोपवू नका. भामट्याचं कसब इथेच असतं: हे सगळं खोटं नव्हतं. रॅकूनच्या आतड्यात गोलकृमी असतो, त्याची अंडी विष्ठेतून पडतात, ती तोंडावाटे पोटात गेली तर माणसाला गंभीर आजार होऊ शकतो. पण तशी लागण विरळा, ताजी विष्ठा लगेच बाधक नसते, अंडी बाधक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि ती छत भेदून पाळण्यात उतरत नाहीत. हा उरलेला भाग त्याने गिळला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून फोन काढला.

189 चे मग 3,750 झाले. पकडून नेणं 450, माळा साफ करून इन्सुलेशन बदलणं 2,400, भोकं बुजवणं 900. रोख किंवा ई-ट्रान्सफर दिलीत तर 13 टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, लावणार नाही म्हणाला. इथे माझाही लोभ सुटला, हे कबूल करतो. कर वाचवायच्या नादात मी पावतीच वाचवून दिली त्याला. 2,000 डॉलर तिथल्या तिथे पाठवले. हातात आला तो एक कागद: वर कंपनीचं नाव, एक मोबाइल नंबर, खाली रक्कम. पत्ता नाही, नेमकं काय करणार ते नाही.

रात्री छपरावर पिंजरा लागला. सकाळी आत रॅकून होता, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. तो माणूस म्हणाला, साठ किलोमीटरवर जंगलात सोडून येतो, परत यायची बातच नको. मला बरं वाटलं. जितकं लांब तितकं चांगलं, असं कुणालाही वाटेल. त्याच दुपारी भोकात जाळीचा तुकडा खुपसून त्यावर पिवळा फोम मारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कामावर असताना माळा "साफ" झाला. संध्याकाळी त्याने नवे फोटो दाखवले, स्वच्छ, मऊ, जणू गादीच घातली आहे. मी उरलेले 1,750 रोख दिले. रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "दोन माणसं वर गेली, अर्ध्या तासात उतरली. हातात काहीच नव्हतं हो. एवढा कापूस काढला, तर पोती कुठून उतरवली?"

मी म्हणालो, "आई, यांच्याकडे मशीन असतं." मला तेव्हाही ठाऊक नव्हतं कोणतं मशीन. पण 3,750 डॉलर दिलेल्या माणसाला मशीन असावंच लागतं.

तिसऱ्या रात्री छतातून आवाज आला. आधी पक्ष्याच्या पिल्लासारखी चिवचिव, मग तान्ह्या मुलाच्या कण्हण्यासारखं काहीतरी. सासूबाई उठून बसल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची गरजच नव्हती.

त्या माणसाला सकाळपासून अकरा फोन केले. बाराव्याला उचलला. पिल्लं आहेत? पिल्लांचे वेगळे पडतात म्हणाला. एकाचे 150, चार धरू, 600. शिवाय शनिवार, म्हणून तातडीचे 300. मी भांडलो, पण वरून तो आवाज येत असताना माणूस किती भांडणार? बायको खोलीत जाऊन रडत होती. 900 दिले. तो वर गेला, एका पिशवीत काहीतरी वळवळतं घेऊन उतरला आणि निघून गेला. पिशवीत किती होती ते दाखवलं नाही, मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी वास सुरू झाला.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या पोर्तुगीज गृहस्थांनी, ज्यांना मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, त्यांच्या जुन्या ओळखीच्या कंपनीचा नंबर दिला. तिथून एक मुलगी आली, तिशीच्या आतली. तिने वर जायच्या आधी घराला बाहेरून चक्कर मारली, छप्पर आणि भिंत मिळते तिथल्या फळ्या पाहिल्या, मग मास्क आणि हातमोजे घालून माळ्यावर गेली. चाळीस मिनिटं वर होती. खाली येऊन म्हणाली, "दोन पिल्लं मेली आहेत. आणि तुमचं इन्सुलेशन कुणी बदललेलं नाही."

मी घाईघाईने त्या माणसाचे फोटो दाखवले. तिने ते मोठे करून पाहिले आणि मला शिडीवर चढायला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या घराच्या माळ्यात डोकं घातलं. आमच्याकडे सगळीकडे राखाडी, कागदाच्या लगद्यासारखं भुरभुरीत इन्सुलेशन आहे, यंत्राने फुंकून पसरलेलं. फोटोत होता गुलाबी फायबरग्लासचा कापूस, पट्ट्या-पट्ट्यांचा. आधीचे फोटो गुलाबी, नंतरचेही गुलाबी. तो माळा आमचा नव्हताच. आमच्या माळ्यावर घाण होती ती एका कोपऱ्यात, घमेलंभर.

त्या मुलीने मग जे सांगितलं ते तुम्ही जपून ठेवा, कारण यातलं काही मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. मार्च ते मे या काळात माळ्यावर रॅकून असेल तर ती बहुतेक मादी असते आणि तिच्याजवळ पिल्लं असतात, साधारण तीन ते पाच. जन्मल्यावर जवळजवळ तीन आठवडे त्यांचे डोळेही उघडत नाहीत. आईला पकडून नेलं की ती उपाशी मरतात. म्हणून जाणता माणूस पिंजरा लावत नाही. तो आधी पिल्लं शोधतो, हाताने उचलून बाहेर भोकाजवळ उबदार खोक्यात ठेवतो, आणि भोकाला एकाच बाजूने उघडणारं दार बसवतो. आई बाहेर पडते, आत येऊ शकत नाही, आणि पिल्लांना मानेला धरून एकेक करत दुसऱ्या बिळात नेते. तिच्याकडे अशा दोन-चार जागा आधीच हेरलेल्या असतात. सगळं कुटुंब बाहेर गेल्याची खात्री झाली की मगच भोक बुजवायचं, तेही जाड गॅल्वनाइज्ड जाळी स्क्रूने आवळून. फोम रॅकून पावासारखा फाडतो.

आणि ते साठ किलोमीटर? आमच्या ऑन्टारियो प्रांतात पकडलेला प्राणी जिथे पकडला तिथून एक किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो, तोही चोवीस तासांत. लांब नेणं बेकायदा आहे. 2015 च्या डिसेंबरात हॅमिल्टनकडे रॅकूनमध्ये रेबीज सापडला होता. प्राणी इकडून तिकडे नेले की असा रोगही त्यांच्याबरोबर जातो. ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त बरं वाटलं होतं, तेच खरं तर त्या माणसाला घराबाहेर काढायचं कारण होतं.

तिचे 1,150 झाले, करासकट, पत्ता आणि एचएसटी नंबर असलेल्या पावतीवर. ते मी फसवणुकीत धरत नाही.

पैसे परत मिळवायचा खटाटोप केला. ई-ट्रान्सफर त्याच्या खात्यात आपोआप जमा झालेली, बँकेने हात वर केले. रोखीचा पुरावाच नाही. मग कळलं की ऑन्टारियोच्या 2002 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घरी येऊन केलेला 50 डॉलरच्या वरचा करार दहा दिवसांत कारण न देता मोडता येतो, आणि कायद्याला धरून लिहिलेला कागदच दिला नसेल तर वर्षभर. करारात अंदाज लिहिलेला असेल तर त्याच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घेताही येत नाही. मी रीतसर रद्द केल्याचं पत्र लिहिलं. पाठवणार कुठे? कागदावर पत्ताच नव्हता. नंबर बंद. प्रांताच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवली आहे. विमा कंपनीने पॉलिसीतलं एक कलम दाखवलं, त्यात रॅकूनचं नाव छापलेलं होतं, भरपाई नाही म्हणून. तुमची पॉलिसी आजच काढून बघा.

हे लिहायला निमित्त झालं ते ब्रॅम्प्टनच्या एका मित्राचं. गेल्या महिन्यात त्याच्याकडे छताचा आवाज ऐकून एक माणूस आला. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा, बूट बाहेर काढलेले. सात मिनिटांत खाली उतरून फोटो दाखवले. मित्राच्या बायकोला आमची कथा पाठ होती. ती म्हणाली, "फोटो मला पाठवा, आणि आता परत वर जा, व्हिडिओ कॉल लावते, मला कोपरे दाखवा." त्याने फोटो पाठवले, गाडीतून टॉर्च आणतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

तिने ते फोटो मला पाठवले. गुलाबी कापूस, काळ्या लेंड्या, ओले डाग, आणि डाव्या कोपऱ्यात लाकडाला टाचलेली निळी वायर. माझ्याकडच्या फोटोतही ती निळी वायर तिथेच आहे.