उघड्या टपाची गाडी रोज वापरायची तर: नव्वदच्या दशकातली मर्सिडीज एसएल की दहा वर्षं जुनी ऑडी ए३?

पुण्यात टप उघडून गाडी चालवावी असे दिवस मुंबईपेक्षा खूप जास्त मिळतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत सकाळी नऊच्या आत आणि रात्री नऊनंतर हवा अशी असते की काच वर करायचीसुद्धा इच्छा होत नाही. त्यामुळे इथे कुणी कन्व्हर्टिबल घ्यायचं म्हणाला तर मी त्याला वेड्यात काढत नाही. त्याला दोन गोष्टी विचारतो: रोज किती चालवणार, आणि रात्री कुठे उभी करणार? उत्तरं मिळाली की कोणती गाडी घ्यावी ते जवळपास ठरतंच.

तुलनेला दोन गाड्या घेतल्या आहेत. पहिली मर्सिडीजची एसएल, आर१२९ या सांकेतिक क्रमांकाच्या पिढीची, १९८९ ते २००१ या काळातली. दुसरी ऑडी ए३ कॅब्रिओले, जी आपल्याकडे २०१४ च्या अखेरीस आली आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून मिळते. त्याआधीची एसएल, म्हणजे १९७१ ते १९८९ ची आर१०७, दिसायला या दोघींपेक्षा देखणी आहे, पण रोजच्या वापरासाठी मी ती बाद करतो. यातलं एक कारण कायद्याचं आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांनाच परवानगी आहे. सत्तरच्या दशकातली गाडी कुणी ‘व्हिंटेज नंबर आहे साहेब’ असं अभिमानाने सांगून विकत असेल, तर ती घेऊन कर्वे रोडवरून ऑफिसला जायचा बेत सोडून द्या.

टप

आर१२९ चा टप कापडी आणि हायड्रॉलिकवर चालणारा. बटण दाबलं की काचा खाली जातात, मागचं झाकण उघडतं, टप घडी होऊन आत जातो आणि झाकण बंद होतं. अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण गाडी उभी असतानाच. ए३ चा टपही कापडीच. तो अठरा सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडतो. वळवाचा पाऊस कोथरूडला नसतो आणि डेक्कनला कोसळत असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या फरकाची किंमत सांगायला नको. एसएलवाल्याला बाजूला घ्यायला जागा शोधावी लागते, आणि मागचे हॉर्न वाजवत राहतात.

एसएल बघायला जाल तेव्हा एक काम नक्की करा. पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवर, दोन सन व्हायजरच्या मध्ये, फटीतून बोट फिरवा. बोट तेलकट झालं तर टपाचं पुढचं कुलूप चालवणाऱ्या सिलिंडरचं सील गेलं आहे. हे तेल थेंबाथेंबाने आरशावर, मग गिअरच्या कन्सोलवर आणि शेवटी तुमच्या पांढऱ्या शर्टावर येतं. असे सिलिंडर गाडीत डझनभर आहेत. एक गळायला लागला की बाकीचेही त्याच वयाचे असतात, म्हणून सगळ्यांची सीलं एकदमच बदलून घ्यावीत. सील किरकोळ असतं, पैसे जातात ते उघडण्या-बसवण्याच्या मजुरीत.

एसएलच्या मागच्या खिडक्या मऊ प्लॅस्टिकच्या. उन्हाने पिवळ्या पडतात, आणि ओल्या असताना टप घडी केला तर डाग धरतात. ए३ ला मागे खरी काच आहे, तीही गरम होणारी. पावसाळ्यात मागचं दिसणं ही चैन नाही.

पण एसएलबरोबर ॲल्युमिनियमचा हार्डटॉप येत असे, आणि इथे तुलना उलटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघांनी मिळून तो बसवला की गणपती होईपर्यंत ही गाडी सरळ कूपे, म्हणजे पक्क्या छपराची दोन दारी गाडी होते. ना कापड कुजायची भीती, ना सोसायटीच्या मांजरांची. ए३ वाल्याला चारही महिने कापडाच्या भरवशावर काढावे लागतात. अडचण एवढीच की उरलेले आठ महिने तीस-पस्तीस किलोंचं ते छप्पर फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठे! बंगला असेल तर प्रश्न नाही. हार्डटॉप नसलेली एसएल पुण्यात रोजच्यासाठी मी घेणार नाही.

काम निघालं तर कोण करणार?

लोकांना वाटतं तितकी जुनी मर्सिडीज पुण्यात पोरकी नाही. भारतातली पहिली मर्सिडीज, डब्ल्यू१२४ ई-क्लास, १९९५ मध्ये इथेच पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात तयार झाली. कंपनी २००९ मध्ये चाकणला गेली, पण पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात डब्ल्यू१२४ वर हात बसलेले मिस्त्री राहिले. आणि आर१२९ ची मांडणी खालून बघितली तर ती डब्ल्यू१२४ चीच बहीण आहे. मागच्या चाकांच्या लिंका त्याच घराण्यातल्या, आणि एसएल२८० व एसएल३२० चं सहा सिलिंडरचं एम१०४ इंजिनही परदेशातल्या ई-क्लासमध्ये होतंच. म्हणून इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यांची काळजी करू नका. सुटा भाग नाना पेठेत मिळाला नाही तर जर्मनीहून मागवता येतो, कस्टम्स ड्युटी धरून.

काळजी करायची ती वायरिंगची. १९९२ ते १९९५ च्या सुमारास कंपनीने इंजिनाच्या वायरिंगवर असं आवरण वापरलं की ते उष्णतेने कडक होऊन चुरा होतं. मग उघड्या तारा एकमेकींना लागतात, इंजिन कधी अडखळतं, कधी चालूच होत नाही, आणि मिस्त्री महिनाभर सेन्सर बदलत बसतो. तपासायचं सोपं आहे: बॉनेट उघडा, एखाद्या कनेक्टरचं रबरी टोपण थोडं मागे सरकवा आणि आतली तार हलकी वाकवा. पापुद्रे निघाले तर नवीन हार्नेस (वायरिंगचा पूर्ण जुडगा) बसवल्याशिवाय सौदा करू नका. एसी थंड करत नसेल तर गॅस कमी आहे या उत्तरावर समाधान मानू नका. आतलं इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) गेलं असेल तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तीस वर्षांचं प्लॅस्टिक एकदा उतरवलं की पूर्वीसारखं बसत नाही.

वर्ष निवडायला वाव असेल तर १९९६ नंतरची बघा. सुरुवातीच्या ३००एसएलमधली केई-जेट्रॉनिक इंधनप्रणाली समजणारे आता कमी उरलेत, आणि मधल्या वर्षांचं वायरिंग वर सांगितलं तसं.

ए३ चं गणित वेगळं. रोजचं किरकोळ काम कमी, स्कॅनर लावला की दोष कळतो, माल मिळतो. पण तिचा सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा आहे. विद्यापीठ चौक किंवा हिंजवडीच्या रांगेत फूट-फूट सरकायचं त्याला मानवत नाही. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा कंट्रोल गेला तर बिल लाखाच्या पुढे जातं, आणि जाण्याआधी ते फारशी कल्पना देत नाही. एसएलचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) गिअरबॉक्स आळशी आहे, पण गर्दीत तोच जास्त समजूतदार. चाचणीला ए३ मोकळ्या हायवेवर नेऊ नका. संध्याकाळी सहाला बाणेर रोडला न्या आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका बसतो का ते बघा.

पेट्रोल

आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. त्यातलं इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि पाणी धरतं. एसएलचे इंधनाचे रबरी पाइप वयामुळे तसेही बदलायचेच असतात. बदलताना इथेनॉलला टिकणारे घ्या आणि फ्युएल फिल्टरही बदला. महिनाभर न हलणाऱ्या गाडीला हे पेट्रोल जास्त बाधतं, आणि या बाबतीत रोज चालणारी जुनी गाडी शोभेच्या गाडीपेक्षा सुखी असते. ए३ ई१० च्या जमान्यातली आहे. तिलाही हे पेट्रोल आवडत नाही, पण तिची रबरं अजून तरुण आहेत.

ॲव्हरेज विचाराल तर (सिग्नलला प्रत्येक स्कूटरवाला विचारतोच) शहरात एसएल लिटरला सहा आणि ए३ दहा धरा. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवलंत तर फरक साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी निर्णय फिरवू नका.

आरटीओ आणि कागद

गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग आणि पर्यावरण कर आला. त्यात आयात केलेल्या चारचाकीची गोष्ट निराळी: ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या आयात गाडीचं नोंदणी नूतनीकरण शुल्क ८०,००० रुपये झालं आहे. आर१२९ इथे आयात होऊनच आली, म्हणजे हा खर्च तिच्या खरेदी किमतीतच मोजा आणि आरसी कधी संपते ते बघून घासाघीस करा. ए३ ला अजून काही वर्षं निवांतपणा आहे.

एसएलचं बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या वेळचा कस्टम्सचा कागद) आणि कस्टम्स ड्युटी भरल्याचे कागद मूळ स्वरूपात दिसले पाहिजेत. ‘आधीच्या मालकाकडे असतील’ हे उत्तर मिळालं तर गाडी कितीही चकाकत असो, चहा पिऊन घरी या. गाडीची किंमत आधीच ठरवून तेवढ्या रकमेचा विमा देणारी कंपनी आधी शोधा, मग टोकन द्या. नुसत्या थर्ड पार्टीवर अशी गाडी रोज पुण्यात चालवणं मला पटत नाही.

मग कुणी काय घ्यावं

घर आणि काम यांत सात-आठ किलोमीटर अंतर, रात्री बंद गॅरेज, घरात दुसरी एक साधी गाडी आणि ओळखीचा मिस्त्री: एसएल घ्या आणि खुशाल रोज चालवा. दोघांपुरतीच जागा आहे हे घरात आधी बोलून घ्या. खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवा. ती लागतेच, कारण आधीच्या मालकाने पुढे ढकललेली सगळी कामं त्या वर्षात निघतात.

सोसायटीत गुलमोहराखाली पार्किंग, रोज हिंजवडी, शाळेत सोडायची दोन मुलं: ए३. तिच्या मागच्या सीटवर मोठी माणसं अवघडतात, मुलं आनंदाने बसतात. खालून ती एसएलइतकी लागतही नाही, आणि आपल्या गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर बघता हा मुद्दा छोटा नाही.

दोन्ही गाड्या शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये बघा. टपाच्या कोपऱ्यांत बाटलीभर पाणी ओता. ते खाली रस्त्यावर आलं पाहिजे, दाराच्या आत किंवा डिकीत नाही. मग पायाखालची मॅट उचलून गालिचा तळहाताने दाबून बघा. ओल लागली आणि मालक म्हणाला ‘काल धुतली होती’, तर पुन्हा आठवड्याने, न कळवता जा.