नावं दिग्गज ड्रमर्सची, लूप चार बारचा

गेले काही महिने जॅझ ड्रम लूप्सचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायच्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांचा, एक संग्रह मी जवळजवळ रोज वापरते आहे. मी पियानो वाजवते, स्वतःच्या चाली लिहिते, आणि ड्रमर दरवेळी हाताशी नसतो. संग्रहाचं नाव देत नाही, कारण या जातीचे संग्रह साधारण एकाच साच्यातले असतात. आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स, जो मोरेलो अशा दिग्गजांच्या ‘शैलीतले’ फोल्डर. वाजवणारा अर्थातच आजचा कुणी स्टुडिओ ड्रमर. प्रत्येक फोल्डरात दोन, चार, आठ बारचे (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन) तुकडे, मोजके लांब टेक, सुटे फिल (ठेक्यामधल्या जागा भरणारे छोटे तुकडे) आणि जोडीला मिडी (आवाज नव्हे, फक्त ठोक्यांची नोंद).

आधी आवाजाबद्दल, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. बेस ड्रम (पायाने वाजवायचा) १८ इंची, पुढच्या हेडला (ताणलेल्या पडद्याला) भोक नाही, आत उशी कोंबलेली नाही, आणि चांगला वर ताणून लावलेला. त्यामुळे तो ‘धप्’ न करता टॉमसारखा घुमतो. पॉप रेकॉर्डिंगची सवय असलेल्या कानाला हे सुरुवातीला चुकीचंच वाटेल. वाटू दे, पण इक्वलायझरला लगेच हात घालू नका.

प्रत्येक टेकचे चार ट्रॅक वेगवेगळे मिळतात: बेस ड्रम, स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम), ओव्हरहेड (वर टांगलेले माइक) आणि खोली (दूरून टिपलेला खोलीचा आवाज). स्नेअरचा जवळचा माइक मी आता बहुतेक वेळा बंदच ठेवते. ओव्हरहेड पूर्ण, खोली थोडी, बेस ड्रम चवीपुरता. १९५० आणि ६०च्या दशकांत न्यू जर्सीत ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरकडे जी रेकॉर्डिंग झाली, त्यांत ड्रमवर मोजकेच माइक असत आणि बाकीचे वादक त्याच खोलीत बसून वाजवत. झांज आणि स्नेअर यांचा तोल ड्रमर हातानेच सांभाळायचा. इथे वाजवणाऱ्यानेही तो सांभाळलाय, हे ओव्हरहेड एकटा लावला की लगेच कळतं. जवळचे माइक वर चढवले की हाच संच कुठल्याही पॉप गाण्यात खपून जाईल, म्हणजे पैसे वाया.

बेस ड्रमच्या ट्रॅकमध्ये एक गोष्ट लपलेली आहे, तिच्याकडे लक्ष द्या. चारही मात्रांवर, जेमतेम कानाला लागेल इतका हलका ठोका आहे. जुने ड्रमर हा ठोका बास वादकाच्या खाली अंथरून ठेवत, त्याला फेदरिंग म्हणतात. ट्रॅकवर नेहमीच्या सवयीने कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणारं साधन) लावलात तर हेच चार ठोके वर येऊन डान्स क्लबसारखे धडधडायला लागतात. मग लोक म्हणतात, लूप स्विंग करत नाही.

आता खरा मुद्दा, राइड, म्हणजे जिच्यावर ठेका चालू राहतो ती मोठी झांज. १९४०च्या दशकात ड्रमर केनी क्लार्कने लय बेस ड्रमवरून उचलून राइड झांजेवर नेली, आणि बेस ड्रम व डावा हात मधल्यामध्ये बोलायला मोकळे झाले. म्हणून अशा संग्रहाची परीक्षा राइडवर होते. फिल कितीही झकास असोत. राइडच्या ठेक्यातला जो छोटा, घसरता ठोका असतो, तो मध्यम लयीत मात्रेच्या तीन भागांपैकी तिसऱ्याच्या आसपास पडतो. लय चढली की माणूस नकळत तो अलीकडे, मात्रेच्या मध्याकडे आणतो. विभागणी जवळजवळ समसमान होते. आता १४० बीपीएमला (मिनिटाला १४० मात्रा) वाजवलेला टेक सॉफ्टवेअरने ताणून २२०ला नेला, की सगळे ठोके जवळ येतात पण त्यांच्यातलं प्रमाण १४०चंच राहतं. परिणाम म्हणजे घोडा टपटपत चाललाय. शिवाय झांजेची शेपटी पाण्यातून ऐकल्यासारखी डुचमळते. लय खाली आणली तर आणखी वाईट. ठोक्यांवर कापून तुकडे सरकवण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण आधीच्या ठोक्याची झंकार पुढच्यावर सांडलेली असते आणि प्रत्येक कापावर ती तुटते.

संग्रहाच्या जाहिरातीत ‘कोणत्याही टेम्पोला’ असं ठळक लिहिलेलं आहे. दुर्लक्ष करा. मूळ टेम्पोच्या चार-पाच बीपीएम इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही. माझी पद्धत आता उलटी झाली आहे: आधी टेक निवडते, मग चालीचा टेम्पो त्याला जुळवते. क्वांटाइझ (ठोके सॉफ्टवेअरने मोजून जागच्या जागी बसवणं) तर बंदच. ग्रिडला चिकटवलेली राइड ऐकायची असेल तर त्यासाठी संग्रह विकत घ्यायची गरज नाही.

फोल्डरांत डावं-उजवं बरंच आहे. ब्लेकीचा उत्तम. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) असा काही घट्ट मिटतो की बाकी सगळं त्याला टांगलंय असं वाटतं. कोरस (चालीची एक पूर्ण फेरी) संपताना प्रेस रोल (काठ्या दाबून काढलेली सलग घरघर) फुगत येतो, तोही नेमका. मोरेलोचा पाच मात्रांचा फोल्डरही तितकाच कामाचा. तसंच १९५८च्या सुमारास पियानोवादक अहमद जमालच्या त्रिकुटात व्हर्नेल फूर्निए जे वाजवायचा त्या धाटणीचे काही ठेके आहेत: एका हातात मॅलेट (मऊ टोकाची काठी), दुसऱ्या हातात काठी, टॉमवर सतत फिरणारं वळण. फूर्निए न्यू ऑर्लिन्सचा. तिथल्या मिरवणुकीच्या बँडची चाल त्या ठेक्यात आहे, आणि ती चार बारच्या लूपमध्येही शाबूत राहते. कारण उघड आहे. हे ठेके मुळातच पुन्हा पुन्हा येण्यासाठी बांधलेले होते.

एल्विन जोन्सच्या फोल्डरात नेमकं याच्या उलट होतं. १९६०च्या दशकात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत तो जे वाजवत होता, ते बारच्या रेषेवर थांबतच नाही. एक फाइल मी अनेकदा ऐकली आहे. चौथ्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर डावा हात तीन भागांतला मधला ठोका स्नेअरवर टाकतो, बेस ड्रम लगेच तिसऱ्या भागावर उत्तर देतो, पुन्हा स्नेअर, पुन्हा बेस ड्रम, आणि हे बोलणं पुढच्या बारच्या दुसऱ्या मात्रेपर्यंत जाणार हे ऐकताना स्पष्ट कळतं. तिथेच फाइल संपते आणि लूप पहिल्या बारवर उडी मारतो. तिसऱ्या फेरीपर्यंत कान त्या तुटक्या जागेचीच वाट बघायला लागतो. त्याच फोल्डरात ३२ बारचे मोजके टेक आहेत, ते मात्र फार सुंदर. ते अजिबात न कापता वापरते. दहा छोट्या तुकड्यांऐवजी असा आणखी एक टेक दिला असता तर बरं झालं असतं.

टोनी विल्यम्सच्या फोल्डरबद्दल एवढंच, की तो १९६३मध्ये १७व्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे आला आणि त्याचं वाजवणं समोरच्याला उचकवणारं होतं. चारही मात्रांवर हाय-हॅट आणि वर घोंगावणारी राइड, हे नक्कल करता येतं. उचकवणं लूपला कसं जमणार?

ब्रशसाठी (काठीऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेल्या टेकसाठी) मात्र संग्रह डोळे झाकून घ्यावा. ड्रमर एड थिगपेनच्या वळणाचे संथ लयीतले टेक आहेत, त्यात डाव्या ब्रशची गोल फिरकी खरबरीत कोटेड हेडवर कुठे दाबली जाते आणि कुठे सुटते तेही ऐकू येतं. मिडीत हे होत नाही. तिथे ब्रश म्हणजे सुट्या फटक्यांची रांग. एक अडचण आहे. ब्रशचा आवाज अखंड असल्याने लूपचा सांधा ऐकू येतो. फाइल पहिल्या मात्रेवर कापलेली मिळते. ती तशी जोडू नका. सांधा दुसऱ्या मात्रेच्या फटक्याच्या किंचित आधी न्या, छोटा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा वर येणं) द्या, फटका सांध्याला झाकतो.

किरकोळ कुरबुरी आहेतच. फिलच्या फाइलींना नुसते आकडे दिलेत, किती बारचा आणि कोणत्या मात्रेपासून सुरू, हे उघडून ऐकल्याशिवाय कळत नाही. मध्यंतरी एका अपडेटने फोल्डरांची नावं बदलली आणि माझ्या जुन्या प्रोजेक्टमधल्या फाइली सापडेनाशा झाल्या. ग्राहक सेवेचं उत्तर सभ्य होतं, उपयोगाचं नव्हतं. शेवटी हाताने सगळं परत जोडलं.

माझ्याबरोबर डबल बास वाजवणाऱ्याला या लूपवर वाजवायला लावलं तेव्हा पहिल्या कोरसनंतरच तो म्हणाला, “हा माणूस माझं ऐकतच नाहीये गं.” खरंच आहे. बासवाला मात्रेच्या किंचित पुढे झुकून वाजवतो, खरा ड्रमर त्याला तिथे भेटतो किंवा मुद्दाम मागे राहून ओढून धरतो. लूप जिथे आहे तिथेच. म्हणून मी हे लूप चाल लिहिताना, डावा हात घासून घेताना आणि डेमोसाठी वापरते. डेमो ड्रमरला पाठवताना एक मिश्रण ड्रमसकट आणि एक ड्रमशिवाय देते. नाहीतर तो बिचारा लूपचीच नक्कल करत बसतो.

घ्यायचा विचार असेल तर नमुन्याच्या फाइलींमधले झगमगते फिल सोडा. एखादा लांब टेक शोधा, त्याचा फक्त ओव्हरहेड लावा, आणि त्यावर १२ बारच्या ब्लूजचे पाच-सहा कोरस नुसता बास वाजवा किंवा गुणगुणा. सहाव्या कोरसला कंटाळा आला नाही तर तो संग्रह तुमच्या कामाचा.