पिवळी लिंबोणी: जागेवरच सावरायची की उपटून पुन्हा लावायची?

गेल्या पावसाळ्यात लावलेली लिंबोणी यंदा जूनपर्यंत गुडघ्याच्या वर गेलीच नाही, आणि पिवळीही पडली. सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. ताक घाला, एप्सम सॉल्ट टाका, बुंध्याशी गंजके खिळे पुरा. मी तिन्ही केलं. काही उपयोग झाला नाही.

आधी पानं बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची कमतरता. जुनी पानं आधी पिवळी, तर बहुधा नत्र. माती ओली असूनही अख्खं झाड मलूल, तर मुळं गुदमरताहेत. मग बाजूला फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी सकाळपर्यंत तसंच राहिलं, तर निचरा नाही.

पाणी जिरत असेल तर झाड हलवू नका. शेणखत, बेताचं पाणी आणि लोहासाठी किलेट, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. इथे एक मेख आहे. चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट टाकलं तर ते मुळांना मिळायच्या आतच मातीत अडकतं. ईडीटीएवालं किलेटही तिथे टिकत नाही, ईडीडीएचएवालं घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. पानांवर फवारलं तर तेवढी पानं हिरवी होतात, पुढची पालवी पुन्हा पिवळीच.

पाणी साचत असेल तर माझं मत सरळ आहे: उपटा. वर्ष-दोन वर्षांचं झाड हे सोसतं, पानं गाळतं पण सावरतं. चार-पाच वर्षांच्या झाडावर मी हा प्रयोग करणार नाही. वेळ जून-जुलैची, ढगाळ दिवस बघून. मे महिन्यात हात लावू नका.

आमच्या खड्ड्यात फूटभर खाली विटांचे तुकडे, फरशीचे कपचे आणि सिमेंटचे ढेकूळ निघाले. बिल्डरने राडारोड्यावर वीतभर काळी माती पसरून बाग म्हणून दिली होती. सिमेंटमधल्या चुन्याने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह अडकतं, म्हणजे खिळे पुरून काय होणार होतं? मुळं तर अजून नर्सरीच्या पिशवीच्याच आकारात गोल फिरलेली होती. ती बोटांनी मोकळी केली, फूटभर उंच वरंबा केला आणि डोळा भरलेला सांधा, म्हणजे कलमाचा जोड, मातीच्या वर ठेवून झाड लावलं. खोल खड्ड्यात नुसती पोयट्याची माती भरू नका, कडक जमिनीत त्याची पाण्याची टाकी होते.

बुंध्याशी डिंक गळत असेल आणि साल खरवडल्यावर आत तपकिरी दिसत असेल, तर सावरणं आणि पुन्हा लावणं, दोन्ही नकोत. नवं रोप आणा, साई सरबती ही जात चांगली, पण त्याच खड्ड्यात लावू नका.

आमच्याकडे श्रावणात हिरवी पालवी फुटली. आठवड्यात तिच्यावर नागअळीच्या चंदेरी रेघा. आता निंबोळी तेल.